उन्हाचें मलम आणि त्याची मात्रा

धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत २०१३ सालीं १२५ मेगावॅटचा सौर वीजप्रकल्प उभा राहिला. त्याच तालुक्यांत, पांझरा नदीच्या कांठीं, पिंपळनेर हें गांव आहे. वीज देणारें तेथील ऊन कांद्याच्या शेतांत दिवसभर वांकून राबणाऱ्या बाईच्या गालांवरील वांग मात्र अधिक गडद करतें. शहरांतील गृहिणी तसाच वांग पाहून ऊनरोधक मलम, म्हणजे दुकानी भाषेंत सनस्क्रीन, घरीं आणते. थोडे दिवस लावते, आणि गुण येत नाहीं म्हणून नळी कोपऱ्यांत टाकते. दोष बहुधा मलमाचा नसतो, मात्रेचा असतो.

सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांपैकीं ‘बी’ किरण त्वचा भाजून लाल करतात. ‘ए’ किरण अधिक खोल शिरतात, खिडकीच्या कांचेंतूनहि येतात आणि सुरकुत्या व डाग वाढवितात. ह्या किरणांची ऊब जाणवत नाहीं. म्हणून गार वाऱ्याचा किंवा विरळ ढगांचा दिवस निर्धोक मानणें ही फसगत होय. खरी खूण सावलीची. ती स्वतःच्या उंचीहून आंखूड झाली, कीं किरण प्रखर झाले असें समजावें. पिंपळनेरास मे महिन्याच्या अखेरीस सूर्य नेमका डोक्यावर येतो. आणि तोहि बाराच्या ठोक्यास नव्हे, तर सुमारें साडेबारास.

मलम निवडतांना दोन खुणा पाहाव्या. ‘एस्‌पीएफ’ हा आंकडा मुख्यत्वें ‘बी’ किरणांविषयीं असतो. १५ आंकड्याचें मलम सुमारें ९३, ३० चें ९७ आणि ५० चें ९८ टक्के किरण अडवितें. म्हणजे तिसाच्या पुढें आंकडा वाढतो तितकें रक्षण वाढत नाहीं. ‘ए’ किरणांसाठीं ‘पीए’ ह्या अक्षरांपुढील अधिक चिन्हें मोजावीं. तीं तीन किंवा चार असावीं.

परंतु हे आंकडे प्रयोगशाळेंत दर चौरस सेंटिमीटरास दोन मिलिग्रॅम मलम लावून ठरविलेले असतात. घरोघरीं लावला जाणारा थर बहुधा त्याच्या चौथाईपासून निम्म्यापर्यंतच असतो. मग पन्नासाचें मलमहि नांवापुरतेंच पन्नासाचें उरतें. ह्यावर सोपें माप आहे. तर्जनी व मध्यमा ह्या दोन बोटांवर मुळापासून टोंकापर्यंत काढलेल्या दोन रेघा चेहरा व मान ह्यांस लागतात. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटें मलम लावावें, कान व मानेची मागील बाजू विसरूं नये, आणि उन्हांत असेपर्यंत दर दोन तासांनीं, तसेंच घाम पुसल्यावर, तें पुन्हां लावावें. दोन रेघांत सुमारें एक ग्रॅम मलम येतें. दिवसांतून दोनदां लावल्यास पन्नास ग्रॅमची नळी पंचवीस दिवसांत संपावयास हवी. एकाच माणसाला जी सहा महिने पुरते, तिनें त्याचें रक्षण फारसें केलेंच नाहीं.

सर्वांगास एका वेळीं तीस ग्रॅमच्या आसपास मलम लागेल. हा खर्च शेतमजुरास तर नाहींच, मध्यम संसारासहि झेपणारा नाहीं. म्हणून पहिला मान कापडाचा. घट्ट विणीचें कापड, लांब बाह्या, डोक्यावरून पुढें ओढलेला पदर किंवा रुंद कांठाची टोपी ह्यांचें रक्षण दर दोन तासांनीं नवें करावें लागत नाहीं. सहा महिन्यांच्या आंतील बालकास तर सावली व सुती कपडे हेंच औषध. जें झांकतां येईल तें झांकावें. उघड्या राहिलेल्या चेहऱ्यास, मानेस व हातांस मलम लावावें, पण तें पुऱ्या मापानें.