छत्री उघडल्यानंतरची उडी

स्कायडायव्हिंग शिकायला निघालेल्या मुलाला किंवा मुलीला घरचे हमखास एकच प्रश्न विचारतात, "आणि छत्री उघडलीच नाही तर?" प्रश्न काळजीपोटी असतो आणि पन्नास वर्षांपूर्वी तो रास्तही होता. आज नवशिक्यानं स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : छत्री नीट उघडली, तर पुढे काय करायचं? या खेळात हाडं मोडण्याचे आणि जिवावर बेतण्याचे कितीतरी प्रसंग घडतात ते पूर्ण उघडलेल्या, कसलाही दोष नसलेल्या छत्रीखाली, जमीन शे-दोनशे फुटांवर आलेली असताना. नव्या उडीबहाद्दरांना मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर देऊ. पाठीवरच्या पिशवीत एक नव्हे, दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य छत्रीनं दगा दिला तर छातीच्या उजव्या बाजूची मऊ मूठ ओढायची, की ती सुटून जाते. मग डावीकडची मूठ ओढायची, की राखीव उघडते. मुख्य छत्री एका ओढीत सुटावी म्हणून खांद्यावर एकमेकांत अडकवलेल्या तीन कड्यांची रचना असते. अमेरिकेतल्या बिल बूथ यांनी ती १९७०च्या दशकात शोधली आणि आज जगभर तीच वापरतात. समजा माणूस बेशुद्ध झाला, किंवा गोंधळून त्यानं काहीच ओढलं नाही, तर? त्यासाठी पिशवीत एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांचं 'सायप्रेस' १९९१ मध्ये बाजारात आलं आणि खेळाचं चित्र बदललं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहतं. साधारण ७५० फुटांवर आल्यावरही माणूस मुक्तपतनाच्या वेगानंच कोसळत असेल, तर ते राखीव छत्रीला बांधून ठेवणारा दोरीचा फास स्वतःच कापतं. राखीव छत्रीची घडी परवानाधारक रिगरच, म्हणजे छत्र्या बांधणारा तंत्रज्ञच, घालतो. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ती उघडून, तपासून पुन्हा बांधावी लागते.

या सगळ्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, म्हणजे यूएसपीए, या संस्थेच्या नोंदींनुसार १९७०च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक मृत्यू होत. २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि मृत्यू झाले १०. त्या दहा घरांचं दुःख आकड्यानं हलकं होत नाही. पण उडी म्हणजे नशिबाचा जुगार, ही आपल्याकडची समजूत आता सोडून द्यायला हरकत नाही.

शिकण्याचा आजचा रुळलेला मार्ग म्हणजे एएफएफ, अर्थात ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल. पहिल्या उड्यांत दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी तुमचं हार्नेस धरून तुमच्याबरोबर विमानाबाहेर पडतात. पुढे एकच प्रशिक्षक बरोबर असतो, मग तोही हात सोडून शेजारी तरंगतो. अनेक जण आधी टॅन्डम उडी घेऊन पाहतात, म्हणजे प्रशिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन. आकाशाची ओळख व्हायला ती चांगलीच. पण टॅन्डममध्ये तुम्ही प्रवासी असता, एएफएफमध्ये पहिल्याच उडीला छत्री तुमची तुम्ही उघडायची आणि उतरवायचीही.

पहिल्या उडीआधीचा सबंध दिवस जमिनीवरच्या वर्गात जातो. बाहेरून पाहणाऱ्याला हा वर्ग कंटाळवाणा वाटेल. माझ्या मते खरी उडी इथेच शिकली जाते. छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये विद्यार्थ्याला लटकवतात. प्रशिक्षक त्याच्या डोक्यावर एकेक छायाचित्र धरतो आणि विद्यार्थ्यानं नुसतं उत्तर द्यायचं नसतं, हातांनी कृती करून दाखवायची असते. दोऱ्यांना पीळ पडलाय? दोरपट्टे दोन्ही हातांनी फाकवायचे, पायांनी सायकल मारल्यासारखं करून पीळ सोडवायचा. टोकाचे कप्पे फुगले नाहीत? दोन्ही टॉगल, म्हणजे छत्री वळवायच्या मुठी, खाली ओढून धरायचे आणि सोडायचे. छत्री तिच्या आतल्या छोट्या पिशवीतून बाहेरच आली नाही, नुसतं गाठोडं डोक्यावर फडफडतंय? इथे सोडवत बसायचं नाही. लाल मूठ मुख्य छत्री सोडायची, चंदेरी राखीव उघडायची : लाल मूठ बघ, लाल मूठ धर, चंदेरी मूठ बघ, ओढ लाल, ओढ चंदेरी. हे पुन्हा पुन्हा, घाम फुटेपर्यंत. संध्याकाळी विद्यार्थी थकून खाली उतरतो तेव्हा त्याच्या हातांना मुठींच्या जागा डोळे मिटूनही सापडायला लागलेल्या असतात.

इतका खटाटोप कशासाठी? वरती विचार करायला वेळच नसतो म्हणून. १३,००० फुटांवरून उडी घेतली की पहिले हजार फूट पडायला साधारण दहा सेकंद लागतात. तोवर वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जाऊन स्थिरावतो आणि पुढचे प्रत्येक हजार फूट साडेपाच सेकंदांत संपतात. विद्यार्थी साधारण ५,५०० फुटांवर छत्री उघडतो, म्हणजे मुक्तपतन जेमतेम पाऊण मिनिटाचं. त्यानंतरची महत्त्वाची रेघ २,५०० फुटांची. तिथे पोचेपर्यंत डोक्यावर उतरण्याजोगी छत्री नसेल, तर विद्यार्थ्यानं निर्णय बदलायचा नाही, आणखी एकदा प्रयत्न करायचा नाही. मुख्य छत्री सोडायची आणि राखीव उघडायची. मुक्तपतनाच्या वेगानं त्या रेघेपासून जमीन चौदा सेकंदांवर असते. मनगटावरचा अल्टिमीटर पाहणं ही सवय म्हणूनच श्वासाइतकी सहज व्हायला हवी. पहिल्या उडीत बहुतेकांना देखावा इतका गुंगवतो की अल्टिमीटरचा विसर पडतो, आणि प्रशिक्षक हाताच्या खुणेनं आठवण करून देतात. एखाद्या पायरीवर नापास होऊन तीच उडी पुन्हा घ्यावी लागते तीही बहुधा असल्याच कारणानं. त्यात नामुष्की काहीही नाही. अंग ताठवणं ही दुसरी अडचण : हातपाय आखडलेला विद्यार्थी हवेत डगमगतो. एक दीर्घ उच्छ्वास सोडून कंबर पुढे ढकलली, छाती उघडी ठेवली, की शरीर आपोआप पोटावर स्थिर होतं.

आणि विमानाच्या दारातली भीती? ती वाटणारच. वाटू द्या. मात्र एक गोष्ट ऐकून अनेकांना हायसं वाटतं : जत्रेतल्या पाळण्यात पोटात जसा खड्डा पडतो तसा इथे सहसा पडत नाही. बाहेर पडताना विमानाचा पुढचा वेग तुमच्या अंगात असतोच, त्यामुळे एकदम खाली गेल्यापेक्षा हवेच्या भक्कम झोतावर टेकल्यासारखं वाटतं. तरीही एखाद्या दिवशी मन घेत नसेल, झोप झाली नसेल, वाऱ्याचा रंग पटत नसेल, तर त्याच विमानातून खाली परत या. शेकडो उड्या झालेली माणसंही असं करतात, आणि चांगल्या ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्या घेण्याच्या ठिकाणी, त्याबद्दल कुणी कुणाला हसत नाही.

आता मूळ मुद्दा. छत्री उघडते, अचानक शांतता होते, नवशिक्याला वाटतं सुटलो! त्याच क्षणी त्याच्यावर पहिल्यांदा संपूर्ण जबाबदारी येऊन पडलेली असते. जुन्या गोल छत्र्या माणसाला वाऱ्याबरोबर खाली आणून सोडत. १९६०च्या दशकात डोमिना जॅल्बर्ट यांनी हवेनं फुगणाऱ्या कप्प्यांचा चौकोनी पंख तयार केला आणि आजच्या सगळ्या छत्र्या त्याच्या वंशातल्या. हा पंख पुढे धावतो. डावा टॉगल ओढला की डावीकडे वळतो, पण नुसता वळत नाही, झुकून खाली झेपावतो आणि माणूस लंबकासारखा बाहेर फेकला जातो. दोन हजार फुटांवर हे मजेचं आहे. शंभर फुटांवर हीच कृती माणसाला पूर्ण वेगानं जमिनीवर आपटते.

असं होतं तरी कसं? सहसा कुणी मस्तीत करत नाही. नवशिका खाली येत असतो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उतरायचं हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि शेवटच्या क्षणी लक्षात येतं की आपण वाऱ्याच्याच दिशेनं चाललोय. किंवा समोर कुंपण दिसतं. घाबरून हात एका बाजूचा टॉगल जोरात ओढतो. म्हणून यूएसपीएनं उतरण्याचे प्राधान्यक्रम ठरवून दिलेत, आणि ते जिन्यावरून उतरतानासुद्धा पुटपुटावेत इतके मोलाचे आहेत : सगळ्यांत आधी पंख सपाट आणि सरळ, मग मोकळी जागा, मग निदान अर्धा फ्लेअर, आणि शेवटी पाय-गुडघे जुळवून कोलांटत पडणं. वाऱ्याची दिशा या यादीत कुठेच नाही. पाठीमागून वारा असताना सरळ उतरलात तर कपडे मळतील, ढोपरं सोलतील, फार तर घोटा मुरगळेल. वळत उतरलात तर मांडीचं हाड, माकडहाड, कणा यांचा प्रश्न येतो.

फ्लेअर म्हणजे जमिनीपासून दहा-बारा फुटांवर दोन्ही टॉगल एकसारखे खाली ओढून पंखाचा वेग मारणं. इथे नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे घाई. जमीन अंगावर येतेय असं वाटतं आणि पंचवीस-तीस फुटांवरच हात खाली येतात. चूक लक्षात आली की दुसरी चूक होते, हात झटकन वर जातात. छत्री पुढे झेप घेते आणि आदळते. फ्लेअर लवकर झालाच, तर हात जिथे आहेत तिथे थांबवायचे, पाय जुळवायचे आणि उरलेली ओढ शेवटी पूर्ण करायची. नजर पायांखाली नको, पुढे क्षितिजाकडे हवी.

छत्रीचा आकारही इथेच निर्णायक ठरतो. साधनांसकट तुमचं वजन पौंडांत घ्या आणि छत्रीच्या क्षेत्रफळानं, चौरस फुटांत, भागा. सत्तर किलोची व्यक्ती साधनांसह साधारण १८० पौंड होते. २४० चौरस फुटांच्या विद्यार्थी छत्रीखाली हा भागाकार पाऊण येतो, १३५च्या छत्रीखाली एक पूर्णांक एक तृतीयांश. आकडा वाढला की वेग वाढतो, वळणं तीव्र होतात, चुकीला माफी कमी होते. सुरुवातीच्या काळात हा आकडा एकाच्या आत ठेवावा हा सर्वमान्य सल्ला आहे. स्वस्तात मिळतेय म्हणून कुणाची जुनी लहान छत्री विकत घेऊ नका. बिल बूथ यांचं एक निरीक्षण या खेळात सगळ्यांना माहीत आहे : साधनं सुरक्षित होत जातात तसतशी माणसं धोका वाढवत नेतात. लहान छत्र्यांची हौस हे त्याचं ठळक उदाहरण.

मराठी विद्यार्थ्यांची एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल मोकळेपणानं बोललं जायला हवं. भारतात नागरी स्कायडायव्हिंगची सोय अजून मोजक्याच जागी आहे. हरियाणातलं नारनौल त्यातलं ठळक नाव. त्यामुळे पुण्या-मुंबईची मुलं पट्टायाला, दुबईला, स्पेनमधल्या एम्पुरियाब्रावाला किंवा अमेरिकेत जाऊन शिकतात. मोजकी रजा, मोठा खर्च, परतीचं तिकीट काढलेलं. आणि तिथे गेल्यावर वारा सुटतो. यूएसपीएच्या नियमात विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साडेबावीस किलोमीटर आहे. त्यापुढे अनुभवी लोक उडत असले तरी विद्यार्थी जमिनीवर. दोन-तीन दिवस असे गेले की मन चुकचुकायला लागतं, शेवटच्या दिवशी चार उड्या उरकाव्याशा वाटतात. तिकीट बदला, किंवा अभ्यासक्रम अर्धा ठेवून या. 'ए' लायसन्ससाठी किमान २५ उड्या लागतात आणि त्या एकाच रजेत झाल्या पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. जाण्याआधी विंड टनेलमध्ये थोडा सराव केलात तर पैसे सत्कारणी लागतील; हैदराबादलाही आता असा टनेल आहे. मात्र टनेलमध्ये शरीर शिकतं, छत्री उतरवायला तिथे शिकता येत नाही.

आपल्यासमोर शीतल महाजन यांचं उदाहरण आहे. पुण्याच्या या मुलीनं १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी घेतली, आणि ती त्यांच्या आयुष्यातली पहिली उडी होती. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोष्ट ऐकून कितीतरी मुलींनी आकाशाकडे पाहिलं असेल, आणि ते फार चांगलं झालं. फक्त त्या पहिल्या उडीच्या थरारात नंतरच्या शेकडो उड्यांकडे, त्यामागच्या सरावाकडे डोळेझाक होऊ नये. नवशिक्यानं त्यांच्याकडून घ्यायचं ते हे दुसरं.

लायसन्स हातात आलं की मोह सुरू होतात. हेल्मेटवर कॅमेरा हवासा वाटतो. यूएसपीएचा सल्ला आहे, २०० उड्या होईपर्यंत नको. विंगसूटलाही तेवढ्याच. कॅमेरा दोरीत अडकू शकतो हे एक कारण, पण मोठं कारण म्हणजे तो लक्ष खातो. त्या पैशांत छत्री चालवण्याचा एखादा स्वतंत्र वर्ग करा. पंचवीस उड्यांनंतर सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट तीच, आणि सगळ्यांत कमी लोक तीच करतात.

आणि परत भारतात आल्यावर महिनोन्महिने उडी होत नाही, हे गृहीत धरा. 'ए' लायसन्सवाल्यानं ६० दिवस उडी घेतली नसेल तर पुन्हा प्रशिक्षकाबरोबर उडून हात साफ करून घ्यावा, अशी शिफारस आहे. पुढच्या वर्षी नव्या ड्रॉप झोनवर पोचाल तेव्हा काउंटरवर तुमचं लॉगबुक मागतील. शेवटच्या उडीची तारीख स्वतःहून सांगा, हार्नेसमध्ये लटकून मुठींचा सराव पुन्हा मागा, भाड्यानं छत्री घेताना एक आकार मोठी मागा, आणि विमानात चढण्याआधी उतरण्याच्या मैदानावर चालत जाऊन वारा कुठून येतोय, कुंपण कुठे आहे, पहिलं वळण कशावर घ्यायचं हे तिथल्या माणसाला विचारून घ्या.