न हसता हसवणारा बस्टर

दोस्तांनो, जरा डोळ्यांसमोर एक चित्र आणा. भयंकर वादळ सुटलंय. झाडं उन्मळून पडताहेत, घरंच्या घरं कोसळताहेत. आणि भर रस्त्यात एक बुटकासा तरुण गोंधळून उभा आहे. त्याच्या मागे एक लाकडी घर. बघता बघता त्या घराची अख्खी दर्शनी भिंत सुटते आणि थेट त्याच्या अंगावर येते. धडाम! संपला बिचारा, असं आपल्याला वाटतं. पण धुरळा खाली बसतो तर काय, आपले महाशय जागच्या जागी उभे! भिंतीतली वरची खिडकी उघडी होती. ती नेमकी त्याच्या अंगावरून खाली आली.

हा प्रसंग आहे १९२८ सालच्या ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’ या हॉलिवूडच्या मूकपटातला, आणि तो तरुण म्हणजे बस्टर कीटन. चार्ली चॅप्लिन तुम्हां सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच काळातला हा बस्टर मात्र आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. फार वाईट वाटतं!

आता तुम्ही म्हणाल, “त्यात काय? कॉम्प्युटरची करामत!” पण तेव्हा कॉम्प्युटर होता कुठे? भिंत खरी होती, चांगली टनावारी वजनाची. आणि तिच्याखाली उभा होता तो खुद्द बस्टर.

मग तो वाचला कसा? नशिबानं? छे! मोजमापानं. आधी भिंतीचा सांगाडा जमिनीवर आडवा ठेवला आणि बस्टर उभा राहणार त्या जागेभोवती खिडकी आखून घेतली. दोन्ही खांद्यांच्या बाजूंना, डोक्याशी आणि टाचांशी फक्त दोन-दोन इंच जागा सोडली होती, असं त्यानं पुढे सांगितलं. (पट्टी घेऊन दोन इंच म्हणजे किती ते बघा बरं!) टाचा कुठे ठेवायच्या त्या जागी जमिनीत मोठे खिळे ठोकले. भिंतीला खाली बिजागऱ्या बसवल्या. वादळाच्या देखाव्यासाठी मोठमोठे पंखे लावले होते. त्यांचा झोत भिंतीवर आला असता तर ती पडताना पिळवटली असती आणि खिडकी भलतीकडेच गेली असती. म्हणून पंख्यांच्या जागाही विचारपूर्वक ठरवल्या. एवढं करूनही कॅमेरा सुरू झाला तेव्हा तिथल्या काही माणसांनी तोंडं फिरवली. बघवेना त्यांना! (आणि हो, असला प्रयोग घरी अजिबात करायचा नाही. आई-बाबांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

हे धाडस त्याच्या अंगात आलं कुठून? बस्टरचा जन्म १८९५ चा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला. आई-वडील गावोगाव फिरून रंगमंचावर विनोदी खेळ करायचे. तीन-चार वर्षांचा झाल्यापासून हाही त्यांच्यात. खेळ काय, तर वडिलांनी पोराला उचलून इकडून तिकडे फेकायचं! पोरगं पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं. पडावं कसं हे तो तिथेच शिकला. आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. पडल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात, आणि चेहरा अगदी मख्ख ठेवला तर लोक पोट धरधरून हसतात. झालं! तो मख्ख चेहरा पुढे जगप्रसिद्ध झाला.

सिनेमात तो आला १९१७ साली. असं सांगतात, की आल्या आल्या त्यानं काय केलं असेल तर कॅमेरा सुटा करून आतली यंत्रं बघितली. यंत्रांचं त्याला वेडच होतं. म्हणूनच त्याच्या ‘द जनरल’ या १९२६ च्या चित्रपटात नायकाच्या तोडीस तोड कुणी असेल तर ते आगगाडीचं इंजिन! त्यात शेवटी एक जळता पूल कोसळतो आणि त्यावरचं इंजिन नदीत पडतं. पूलही खरा आणि इंजिनही खरं. चूक झाली असती तर दुसरं इंजिन आणणार कुठून? एकाच झटक्यात तो प्रसंग टिपला. पुढे कित्येक वर्षं ते इंजिन त्या नदीतच पडून होतं.

आज ‘द जनरल’ची गणना जगातल्या उत्तम चित्रपटांत होते. पण तेव्हा? तेव्हा तो आपटला! अफाट खर्च झाला होता आणि लोकांना काही तो रुचला नाही. मग १९२८ मध्ये बस्टर स्वतःचा स्टुडिओ सोडून एका बड्या कंपनीत नोकरीला लागला. आयुष्यातली ही सगळ्यांत मोठी चूक, असं तो नंतर म्हणे. तिथे प्रत्येक गोष्ट दुसरे ठरवणार, हा नुसता अभिनय करणार. ज्यानं इंचाइंचाचा हिशेब स्वतः केला, त्याला हे कसं मानवणार? तो दारूच्या आहारी गेला, संसार मोडला आणि १९३३ मध्ये नोकरीही गेली. एके काळचा मोठा नट दुसऱ्यांच्या सिनेमांसाठी पडद्यामागून विनोद सुचवू लागला.

पण गंमत बघा, त्याचे जुने मूकपट लोकांनी पुन्हा शोधून काढले. १९५२ मध्ये चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’मध्ये दोघं एकत्र दिसले. १९६० साली त्याला मानाचं ऑस्कर मिळालं. १९६६ मध्ये तो गेला, तेव्हा पुन्हा सगळ्या जगाचा लाडका झालेला होता. तुमचा तो जॅकी चॅन आहे ना, तोही बस्टरला गुरूच्या जागी मानतो.

एक किस्सा मात्र राहिलाच. १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये आगगाडीच्या पाण्याच्या टाकीतून एवढा जोराचा लोट आला, की बस्टर खाली आपटला आणि त्याची मान रुळावर आदळली. डोकं खूप दुखलं. तरी थोड्या दिवसांत स्वारी कामावर हजर. कित्येक वर्षांनी एका डॉक्टरनं एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की मानेचं हाड मोडलं होतं आणि आपोआप जुळूनही आलं होतं!

हे तिन्ही चित्रपट आज इंटरनेटवर सापडतात. घरातल्या मोठ्यांना लावून द्यायला सांगा आणि त्यांनाही शेजारी बसवा. मूकपट असल्यामुळे भाषेची अडचण नाही. मधूनमधून इंग्रजी पाट्या येतात, त्या ताई-दादा वाचून दाखवतील. भिंत पडण्याच्या प्रसंगाला मात्र भिंतीकडे बघू नका, त्याच्या चेहऱ्याकडे बघा.