पऱ्हाटीचे सूर : लेखांक ९ – बंदिश दुसऱ्याची, गाणं पुथलींचं

मागच्या आठवड्यात आपण ब्लूजगायिका बेसी स्मिथपाशी थांबलो होतो. तिचं शेवटचं ध्वनिमुद्रण १९३३च्या नोव्हेंबरात झालं. ते करवून घेणारा जॉन हॅमंड तेव्हा विशीतला पोरगा होता. पुढे १९७१ साली याच हॅमंडमुळे मुंबईची एक गायिका न्यूयॉर्कच्या स्टुडिओत उभी राहिली. आजचा लेखांक आशा पुथलींचा आणि त्यांच्या १९७३च्या पहिल्या अल्बमचा. पण त्याआधी थोडं आपल्या कापसाबद्दल आणि रेल्वेच्या लायनीबद्दल.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्रजांचं सगळं लक्ष वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीकडे वळलं. १८६२ साली वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा काढला गेला. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ नागपूरला पोचले. वर्धा जिल्ह्यात सिंदी (मेघे) वेगळी आणि आपली सिंदी (रेल्वे) वेगळी, ती याच लायनीमुळे. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला, भाव कोसळले आणि इकडचा कास्तकार सावकाराच्या वहीत अडकला. तिकडे गुलामगिरी कायद्यानं गेली होती, पण मोकळे झालेले लोक जमीनदाराच्याच शेतात बटईनं राबत होते, आणि वर्षाअखेर हिशेब केला की अंगावर कर्जच निघायचं. मिसिसिपीच्या त्या कापूसपट्ट्यात ब्लूज घडला. या दोन मुलखांचं नातं मी ओढूनताणून जोडत नाही. एका पिकानं आणि एका युद्धानं ते जोडून दिलंय.

आता ब्लूजची बांधणी. तिचा नेहमीचा साचा बारा बारचा. एका बारात चार मात्रा, म्हणजे एक फेरी ४८ मात्रांची. त्यात तीन ओळी बसतात. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीनंतर उरलेल्या मात्रांत गिटार उत्तर देते. हातानं ताल धरून मोजून बघा, दोन-तीन फेऱ्यांत अंगात भिनतं. तीच ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा खालची साथ षड्जावरून मध्यमावर गेलेली असते, त्यामुळे तेच शब्द निराळे लागतात. शिवाय गाणारीला तिसरी ओळ जुळवायला उसंत मिळते. पहिल्या ओळी बहुतेक सगळ्यांच्या सामाईक. या गावच्या गाण्यातली ओळ त्या गावच्या गाण्यात सहज सापडते. तिसऱ्या ओळीत आणि आवाजात मात्र गाणारी स्वतः असते.

आपल्या जात्यावरच्या ओवीचंही पुष्कळदा असंच होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या जमवल्या. त्या वाचताना पहिली ओळ ओळखीची वाटते आणि दुसरीत अचानक त्या बाईचं घर, तिचा भाऊ, तिचं दुखणं उभं राहतं. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, वेचणीला गेलेल्या बाईच्या बोटांना वाळल्या बोंडाची टोकं टोचतात, कमरेची ओटी दुपारपर्यंत जड होते, पाठ वाकलेलीच राहते. अशा कामात कुणी कागदावर गाणं लिहीत नाही. जे सर्वांचं आहे तेच घेऊन ती त्यात आपलं घालते.

म्हणूनच पुथलींच्या अल्बमबद्दल ‘पण गाणी त्यांनी लिहिलेली नाहीत’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. ख्यालगायिकेला आपण बंदिश कुणाची म्हणून तोलत नाही, गायकी कुणाची ते बघतो.

आशा पुथलींचा जन्म १९४५चा, मुंबईचा. हिंदुस्थानी गायकीची तालीम झाली, पाश्चात्त्य गाणंही शिकल्या, आणि मुंबईत जॅझ गाऊ लागल्या. मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेल्या. वेद मेहतांच्या १९७०च्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या पुस्तकात मुंबईच्या जॅझवर प्रकरण आहे, त्यात पुथली भेटतात. हॅमंडनं त्यांना ऐकलं आणि ऑर्नेट कोलमनकडे धाडलं. कोलमन टेक्सासचा, तरुणपणी ब्लूजच्या बँडांत सॅक्सोफोन वाजवून वर आलेला. त्याच्या ‘सायन्स फिक्शन’ या ध्वनिमुद्रिकेत पुथलींची दोन गाणी आहेत. वाद्यं एकमेकांच्या थोडी मागेपुढे सरकत राहतात आणि त्यांतून त्यांचा आवाज मींड घेत पार होतो. ज्याच्या कानाला रागाचा आधार आहे तोच गळा तिथे न डगमगता उभा राहू शकतो, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

मग १९७३ साली सीबीएसनं युरोपात ‘आशा पुथली’ काढला. निर्माता होता डेल न्यूमन. त्यात जॉर्ज हॅरिसनचं, बिल विदर्सचं गाणं आहे, पण मी आग्रह धरीन तो ‘राइट डाउन हिअर’चा. मूळ गाणं ओक्लाहोमाच्या जे. जे. केलचं. केल म्हणजे ब्लूज-रॉकमधला सर्वांत कमी बोलणारा माणूस. पुटपुटल्यासारखं गातो, गिटारही तितकीच हलक्या हातानं. पुथलींनी ते गाणं संथ केलं. खाली बेस आणि ढोल थबकत चालतात. वर आवाज नुसत्या श्वासावर तरंगतो. ब्लूजची गायिका म्हटली की जोर, खरखर, फाटलेला तारस्वर अशी आपली अपेक्षा असते, आणि जॅनिस जॉप्लिननं तो मार्ग शेवटापर्यंत नेलाच होता. पुथली जोर लावतच नाहीत. शब्दाच्या शेवटी स्वर सोडून देण्याऐवजी त्याला हळूच खाली घसरवतात. तेवढ्या घसरणीत सगळं दुःख येतं.

गंधाराकडे कान द्या. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो, आणि गाणारी त्याला एका जागी बसू देत नाही. आपल्या दरबारीतला गंधार कोमलाच्याही खाली झुलतो. जागा वेगळी, पण स्वर झुलता ठेवायची सवय दोन्हीकडे आहे. पेटीवर यातलं काहीच वाजत नाही. त्याच केलचं ‘लाइज’ही या अल्बमात आहे. तेही याच कानानं ऐका.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९७६चा ‘द डेव्हिल इज लूज’ न्यूयॉर्कच्या नाचघरांत गाजला आणि त्यातल्या ‘स्पेस टॉक’चे तुकडे पुढे रॅपवाल्यांनी उचलले. तो अल्बम मला आवडतो, पण त्यात चकाकी जास्त आहे आणि माती कमी. १९७३च्या अल्बमचं मराठी घरांत नावही फारसं निघत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

या आठवड्यात आधी केलच्या ‘रियली’ अल्बममधलं ‘राइट डाउन हिअर’ ऐका, लगेच पुथलींचं लावा. घरात कुणी भुलाबाईची गाणी म्हणणारं असेल तर त्यांनाही सोबत बसवा आणि कुठे कान टवकारतात ते बघा. पुढच्या लेखांकात काचेच्या नळीनं वाजणारी गिटार आणि बॉनी रेट.