टिपणारा डोळा

नाशिकच्या एका वाचकांनी माझा आवडता विषय छेडला आहे. ते विचारतात, "लष्कराच्या 'स्विच' ड्रोनवर बॉम्ब नाही, क्षेपणास्त्र नाही. मग रणगाड्यापुढे तो काय कामाचा?"

याचं उत्तर राजस्थानच्या सीमेवरच्या लोंगेवालाला मिळतं. 1971च्या युद्धात 4 डिसेंबरची रात्र 23 पंजाब बटालियनच्या एका कंपनीने पाकिस्तानी रणगाडे थोपवत काढली. हवाई दलाच्या हंटर विमानांना अंधारात लढता येत नव्हतं. उजाडल्यावर ती जैसलमेरहून आली खरी, पण भरधाव जाणाऱ्या वैमानिकाला वाळवंटात विखुरलेले रणगाडे हुडकायचे कसे? ते काम मेजर आत्मासिंग यांनी केलं. 'कृषक' नावाच्या चिमुकल्या, संथ, निःशस्त्र विमानातून ते हंटरना लक्ष्यं दाखवत राहिले. ते एअर ओपीचे, म्हणजे तोफखान्याच्या हवाई निरीक्षण तुकडीचे वैमानिक. वरून पाहायचं, गोळा कुठे पडला ते तोफेला कळवायचं आणि नेम दुरुस्त करून घ्यायचा, ही एअर ओपीची मूळ विद्या. 'स्विच' करतो ते हेच, फक्त माणूस जमिनीवर सुरक्षित राहतो.

नवी मुंबईच्या आयडियाफोर्जने बनवलेला हा ड्रोन साधारण साडेसहा किलोचा. हेलिकॉप्टरसारखा उभा उठतो, मग विमानासारखा पंखांवर उडतो. झाशीजवळच्या बबिना रेंजसारख्या भागात टेकाडाआड दडलेला रणगाडा जमिनीवरच्या जवानाला दिसत नाही. वरून तो दिसतो. रात्रीही, कारण तापलेलं इंजिन थर्मल कॅमेऱ्यापासून लपत नाही.

पण नुसतं दिसून भागत नाही. रणगाडा एका जागी थांबत नाही. जागा कळवून तोफ डागेपर्यंत तो पुढे सरकलेला असतो. त्यावर उपाय लेझरचा: लक्ष्यावर किरण धरून ठेवायचा, क्षेपणास्त्र परावर्तित प्रकाशाच्या मागे जातं. सप्टेंबर 2020मध्ये अहमदनगरच्या के. के. रेंजवर अर्जुन रणगाड्यातून असं क्षेपणास्त्र डागून 3 किलोमीटरवरचं लक्ष्य भेदलं गेलं. तिथे किरण जमिनीवरून धरला होता. तो ड्रोनवरून धरला, तर टेकाडाचा आडोसाही उरत नाही.

झाशीत 19 नोव्हेंबर 2021ला, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीदिनी, पंतप्रधानांनी देशी ड्रोन लष्कराच्या हवाली केले. त्याच दिवशी रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांची प्रणोदन यंत्रणा बनवणाऱ्या भारत डायनॅमिक्सच्या 400 कोटींच्या कारखान्याची पायाभरणीही झाली. पाहणारा आणि मारणारा, दोघं एकाच मांडवात आले. माझ्या मते हीच जोडी महत्त्वाची. तेव्हा यापुढे नव्या ड्रोनची बातमी वाचलीत, तर तो किती स्फोटकं वाहतो याआधी एक बघा: त्याने पाहिलेलं तोफेपर्यंत किती लवकर पोचतं?