मुंग्या पचवणारा अननसाचा भाऊबंद

दक्षिण व्हेनेझुएला आणि गयानाच्या डोंगराळ भागात ‘ब्रोकिनिया रिडक्टा’ नावाची वनस्पती उगवते. कूळ अननसाचं, पण पोट भरायची रीत वेगळी. त्यामुळे तिच्याबद्दल समजांपेक्षा गैरसमजच जास्त.

गैरसमज : कीटकभक्षी वनस्पती म्हणजे झडप घालणारी.
वस्तुस्थिती : ब्रोकिनियाचं पानही हलत नाही. तिची पिवळसर हिरवी पानं एकमेकांना चिकटून उभी नळी करतात आणि तळाशी पावसाचं पाणी साठतं. या पाण्याला गोडसर वास येतो. वासावर आलेली मुंगी पानाच्या आतल्या बाजूने उतरू लागली, की तिथली मेणाची भुकटी तिच्या पायाखालून सुटते आणि ती थेट पाण्यात पडते. पाणी चांगलंच आम्लधर्मी, पीएच ३ च्या आसपास. मुंगी बुडून कुजते आणि तिच्यातली पोषकद्रव्यं पानांवरचे सूक्ष्म खवले शोषून घेतात. वनस्पतिशास्त्रज्ञ टॉमस गिव्हनिश आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हे सविस्तर मांडलं.

गैरसमज : पानांत पाणी साठवणारं प्रत्येक ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातलं रोप) कीटक खातं.
वस्तुस्थिती : या कुळात तीन हजारांवर जाती आहेत. कीटकभक्षी म्हणून नाव घेतलं जातं ते जेमतेम तिघांचं : ही, तिची बहीण ब्रोकिनिया हेक्टिऑइडिस आणि झाडांवर वाढणारी कॅटॉप्सिस बर्टेरोनियाना. बाकीच्या बहुतेक टाकीवाल्या जातींचं पडलेल्या पाल्यापाचोळ्यावर भागतं.

गैरसमज : ही घनदाट, अंधाऱ्या जंगलातली वनस्पती.
वस्तुस्थिती : तिला मोकळं आकाश लागतं. ‘टेपुई’ नावाच्या सपाट माथ्याच्या वालुकाश्मी डोंगरांवर आणि आसपासच्या ओल्या माळांवर ती वाढते. मुसळधार पावसाने तिथल्या मातीतला कस धुऊन नेलेला असतो, म्हणून तर ही शिकार. तिच्याच नळीतल्या पाण्यात युट्रिक्युलेरिया हम्बोल्टाय ही दुसरी कीटकभक्षी वनस्पतीही राहते. कास पठारावरची सीतेची आसवं याच युट्रिक्युलेरिया प्रजातीतली.

गैरसमज : घरी लावली तर शेणखत घाला, अधूनमधून मांसाचा तुकडा द्या.
वस्तुस्थिती : दोन्ही टाळा. कुंडीत निचरा होणारं, निकस मिश्रण हवं : स्फॅग्नम शेवाळ, पर्लाइट, जाड वाळू. नळाच्या पाण्यातले क्षार तिला सोसत नाहीत. पावसाचं किंवा आरओचं पाणी द्या आणि नळीतही ते राहू द्या. उजेड कमी पडला तर पानं हिरवी होऊन फाकतात, नळी मोडते आणि सापळा निकामी होतो. फुलोरा आल्यावर मूळ रोप मरतं, पण बुडाशी फुटलेली पिल्लं वेगळी करून लावता येतात.

घरातले डास संपतील या आशेने ती आणू नका. भरपूर ऊन देणारी जागा असेल तरच आणा.