दुखणं लघवीचं, मग डॉक्टर पाय का तपासतात?



गटाचा हिशोब झाला, वह्या मिटल्या, की मनातलं बाहेर येतं. कुणाला लघवी धरवत नाही, कुणाची तुंबते, कुणाला कधी झाली ते कळतच नाही. आम्ही आधी हेच सांगतो की लघवी तपासा, शुगर तपासा, अंग बाहेर येतंय का ते दाखवा. पुष्कळदा कारण इथेच सापडतं.

पण हे सगळं ठीक निघूनही त्रास तसाच राहिला, तर नसांची तपासणी करावी लागते. पिशवी भरल्याचा निरोप मेंदूकडे नसांमधूनच जातो आणि सोडायचा हुकूमही नसांमधूनच येतो. या नसा कमरेच्या तळाशी मणक्यातून निघतात. पायाच्या पंजाकडे जाणाऱ्या नसा त्यांच्या शेजारच्याच. म्हणून पाय बघितला की पिशवीच्या नसांचा अंदाज येतो.

डॉक्टर टाचांवर, चवड्यांवर चालायला लावतात. घोट्यामागे हातोडी मारतात, तळव्यावर ओरखडा ओढतात. कमरेवर खळगा किंवा केसांचा झुपका आहे का बघतात. कधीकधी ती मणक्यातल्या जन्मजात दोषाची खूण असते. शी-लघवीच्या जागेभोवती कापूस लावून, हलकं टोचून 'कळतंय का?' विचारतात. गुदद्वारात बोट घालून आवळायला सांगतात.

लाजेपायी बाई इथेच उठून घरी येते. मैत्रिणींनो, उठू नका. नेमकं याच जागेवरून पिशवीच्या नसांचं कळतं. मात्र आधी समजावून सांगा, पडदा लावा, नर्सबाईंना जवळ उभं करा, असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. पुढे लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली, ते सोनोग्राफीत दिसतं. जुनी शुगर किंवा मणक्यातली सरकलेली गादी, अशी कारणं मग हाती लागतात.

आता एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कंबरदुखीसोबत बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा पायातलं बळ गेलं, तर शेक, मालिश करत थांबू नका. त्याच दिवशी, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा, १०८ ला फोन करा. मणक्यात नसा दबल्या असतील तर ऑपरेशन तातडीने लागतं. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

दवाखान्यात जाण्याआधी तीन दिवस किती पाणी प्यालात, किती वेळा गेलात, कधी कपडे ओले झाले, ते वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर गटातली कुणीही लिहून देईल. आणि एकटी जाऊ नका, एकीला सोबत न्या.