ऊस : एका वसाहतींतील परकें गवत

ऊस हें एक गवत आहे असें म्हटलें तर आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें गहूं, ज्वारी, बांबू आणि ऊस हीं एकाच तृणकुळांतील भावंडें होत. हें गवत ऑस्ट्रेलियाच्या नव्या वसाहतींत पीक म्हणून कसें रुजविलें गेलें, तें आज पाहूं.

कॅप्टन आर्थर फिलिप हे कैद्यांनीं भरलेलीं जहाजें घेऊन 1788 सालीं सिडनीच्या किनाऱ्यास लागले. वाटेंत आफ्रिकेच्या दक्षिण टोंकाशीं, केप येथें, त्यांनीं जीं रोपें व बियाणीं घेतलीं होतीं, त्यांत उसाचें बेणेंही होतें. मौज अशी कीं, या जाड, रसाळ उसाचें मूळ घर जें न्यू गिनी बेट, तें ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस अगदीं शेजारीं. आणि ऊस आला तो मात्र पृथ्वीला वळसा घालून!

सिडनीस ऊस मानवला नाहीं. या पिकास बारा ते अठरा महिने ऊब व ओल लागते. कडाक्याच्या थंडींत त्याची वाढ खुंटते, आणि दहिंवर गोठून पडलें म्हणजे शेंड्याचा कोंब मरतो. पुढें 1821 सालीं सिडनीच्या उत्तरेस पोर्ट मॅक्वारी येथें कैद्यांची वसाहत झाली. तेथें ऊस वाढला, थोडी साखरही निघाली. परंतु धंदा उभा राहिला नाहीं.

क्वीन्सलंड ही वसाहत 1859 सालीं वेगळी झाली आणि प्रयोग अधिक उष्ण भूमीकडे सरकला. ब्रिस्बेनच्या सरकारी बागेचे प्रमुख वॉल्टर हिल यांनीं तेथें ऊस लावला होता. त्याच उसापासून 1862 सालीं जॉन ब्यूहो यांनीं साखर करून दाखविली. मग कॅप्टन लुई होप यांनीं ऑर्मिस्टन येथें मळा केला, व 1864 सालीं त्यांचा साखरेचा कारखाना चालूं झाला.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. बागेच्या वाफ्यांतील प्रयोग इतकेंच सांगतो कीं, ऊस येतो व त्यांत गोडी आहे. पण तोडलेला ऊस ठेवून चालत नाहीं. रसांतील साखर लवकर बिघडते. आपल्याकडील गुऱ्हाळवाल्यास हें सांगावयास नको. म्हणून मळ्यालगत कारखाना हवा, कारखान्यास भांडवल हवें, आणि तोडणीस माणसें हवींत. माणसांचा प्रश्न वाफा कधींच सोडवीत नाहीं.

क्वीन्सलंडनें तो प्रश्न ज्या रीतीनें सोडविला, ती लाजिरवाणी होती. 1863 पासून सुमारें चाळीस वर्षांत प्रशांत महासागरांतील बेटांवरून बासष्ट हजारांच्या आसपास मजूर करारावर आणले गेले. कोणी स्वखुषीनें आले, कोणी फसवून तर कोणी पळवून आणले गेले. हजारों तेथेंच रोगानें मेले. 1901 च्या कायद्यानें ही आयात बंद ठरली, आणि जे तेथेंच रुळले होते त्यांतीलही बहुतेकांस पुढें परत धाडण्यांत आलें. म्हणजे आणतांना जुलूम, आणि पाठवितांनाही जुलूम! बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांनीं दोन्ही गोष्टी सारख्या मानूं नयेत. परंतु साखरेच्या गोडीमागें कोणाचे हात आहेत, हा प्रश्न दोहोंकडे विचारण्याजोगा आहे.

निसर्गानेंही परीक्षा घेतली. मॅके भागांत बूर्बों नांवाच्या एकाच जातीवर फार भिस्त होती. 1875 च्या सुमारास तांबेरा पडला व ती जात बुडाली. पुढें मुळें कुरतडणाऱ्या हुमणीवर उपाय म्हणून 1935 सालीं हवाईहून शंभरएक बेडूक आणले. त्यांनीं हुमणीचे भुंगेरे फारसे खाल्ले नाहींत, उलट विषारी असल्यामुळें त्यांना खाणारे तेथील प्राणीच मेले. ते बेडूक अजूनही पसरत आहेत.

क्वीन्सलंडांत ऊस टिकला, आजही तो तेथील मोठें पीक आहे. परंतु कोणी नवें पीक घेऊन आपल्या गांवीं आला, तर वाफ्यांतील हिरवा तुरा पाहून हुरळूं नये. हवेबरोबरच हेंही विचारावें : माल कोठें जाईल, राबेल कोण, आणि रोग आला तर दुसरी जात आहे काय?